विश्लेषण : सिंगापूरचे प्रतीक बनलेले मांजर मुळात सिंगापूरचे होते का?

वजन जेमतेम दोन-तीन किलो, डोळे चेहऱ्याच्या मानाने भलेमोठे आणि अंगावर जुन्या छायाचित्रासारखा तपकिरी रंग. ‘सिंगापुरा’ हे जगातील सर्वांत लहान चणीच्या पाळीव मांजरांपैकी एक. सिंगापूरच्या गटारांमधून हे मांजर अमेरिकेत गेले आणि मांजरांच्या स्पर्धांमध्ये मानाचे स्थान मिळवून बसले, अशी त्याची जन्मकथा अनेक वर्षे सांगितली जात होती. सिंगापूरच्या पर्यटन खात्याने त्याला आपले शुभंकर बनवायचे ठरवले आणि नेमक्या त्याच वेळी आयातीची जुनी कागदपत्रे चर्चेत आली. या मांजराचे मूळ कोणते, त्यावरचा वाद काय आणि त्यातून आज काय शिल्लक राहिले आहे, याविषयी…

‘सिंगापुरा’ ओळखायचे कसे?

प्रथम नावाविषयी. ‘सिंगापुरा’ हे सिंगापूरचेच मलय भाषेतील नाव. त्याचे मूळ संस्कृत ‘सिंहपुर’ या शब्दात आहे. सांग नील उत्तम नावाच्या राजपुत्राला या बेटावर सिंहासारखा प्राणी दिसला आणि त्याने नगराला हे नाव दिले, अशी मलय आख्यायिका आहे. म्हणजे सिंहाच्या नावाच्या शहरावरून ज्या प्राण्याचे नामकरण झाले, तो आकाराने मांजरांतही लहान निघाला.

पूर्ण वाढलेल्या मांजरीचे, म्हणजे भाटीचे वजन साधारण दोन किलो आणि बोक्याचे तीन किलोच्या आसपास असते. आपल्या गल्लीतला धष्टपुष्ट बोका चार-पाच किलोंचा सहज असतो. त्याच्या शेजारी सिंगापुरा अर्धवट वाढलेले पिल्लू वाटते. मात्र हातात घेतल्यावर ते दिसते त्यापेक्षा जड लागते, कारण शरीर आखूड असले तरी स्नायू घट्ट असतात. वाढ सावकाश होते. पूर्ण आकार येण्यास दीड ते दोन वर्षे लागतात.

खरी ओळख रंगाची. या जातीत एकच रंग मान्य आहे आणि त्याला ‘सेपिया आगुटी’ म्हणतात. एक केस चिमटीत धरून उजेडात पाहिला तर त्यावर फिकट आणि गडद असे आलटून पालटून पट्टे दिसतात. त्वचेलगत फिकट, टोकाला गडद आणि मध्ये किमान आणखी एक गडद पट्टा. असे हजारो केस शेजारी शेजारी आले की अंगावर ठिपके किंवा पट्टे दिसत नाहीत. जुन्या हस्तिदंताच्या रंगावर कोणी तपकिरी भुकटी शिंपडावी, तसा एकूण परिणाम होतो. हनुवटी, छाती आणि पोटाकडील भाग त्याहून फिकट असतो. जातीच्या मानकात या भागाच्या रंगाला न धुवट केलेल्या सुती कापडाची उपमा दिली आहे. मराठीत त्या कापडाला मांजरपाट म्हणतात, हा निव्वळ योगायोग.

चेहऱ्यावर डोळ्यांच्या आतील कोपऱ्यापासून मिशांच्या दिशेने उतरणाऱ्या दोन गडद रेषा असतात. चित्त्याच्या चेहऱ्यावरील अश्रुरेषांची त्यावरून आठवण होते. नाक फिकट गुलाबी-केशरी आणि त्याभोवती गडद किनार. डोळे बदामी आकाराचे, पण मोठे, रंगाने हिरवे, पिवळसर किंवा घारे. त्यांच्याभोवतीही काजळ घातल्यासारखी कड असते. कान मोठे आणि आतून वाटीसारखे खोल. शेपटी बारीक, टोकाला बोथट आणि काळपट. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला थोडे आडवे पट्टे चालतात, पण गळ्याभोवती पट्टा दिसला तर स्पर्धेत तो दोष धरला जातो.

इथे एक खुलासा. वृत्तपत्रांत आणि समाजमाध्यमांत अशा मांजरांना सर्रास ‘प्रजाती’ म्हटले जाते. प्रजाती एकच, ती म्हणजे पाळीव मांजर. पर्शियन, सयामी किंवा सिंगापुरा या तिच्यातील जाती आहेत. कुत्र्यांच्या तुलनेत मांजरांच्या बहुतेक जाती अगदी अलीकडच्या, दीडशे वर्षांच्या आतल्या आहेत. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

स्वभावाने कसे असते?

मांजर आपल्याच तंद्रीत असते, हाक मारली तरी वळून पाहत नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत. सिंगापुरा तिला छेद देते. घरात माणूस असेल तिथे ते असते. ओट्यावर भाजी चिरताना ते ओट्याशी, लॅपटॉप उघडला की कळफलकाशेजारी आणि पाहुणे आले तर पलंगाखाली न लपता थेट त्यांच्या पिशवीत डोकावणारे. उंच जागा आणि ऊब त्याला आवडते. दोन्ही एकत्र मिळण्याचे ठिकाण म्हणजे माणसाचा खांदा. आवाज बारीक आणि क्वचित. सयामी मांजरासारखे ते दिवसभर ‘बोलत’ नाही. खेळकरपणा मात्र पिल्लूपणाबरोबर संपत नाही, तो म्हातारपणापर्यंत टिकतो, असे ही जात पाळणारे सांगतात.

याची दुसरी बाजू जाहिरातींत येत नाही. दिवसभर बंद घरात एकटे राहणे अशा मांजराला मानवत नाही. सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतणाऱ्या कुटुंबाने या जातीच्या गोंडस चित्रफिती पाहाव्यात आणि तेवढ्यावर थांबावे, हे उत्तम. शिवाय स्वभाव हा जातीवर जितका अवलंबून असतो तितकाच पिल्लाला पहिल्या काही आठवड्यांत माणसांचा सहवास कसा मिळाला यावरही असतो. त्यामुळे ‘या जातीचे मांजर असेच वागते’ हे विधान नेहमी थोडे सैल धरूनच वाचावे.

१९७५ मध्ये काय झाले?

टॉमी आणि हॅल मेडो हे अमेरिकी दाम्पत्य कामानिमित्त सिंगापूरला होते. १९७५ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा त्यांच्याबरोबर टेस, टिकल आणि पूस नावाची तीन तपकिरी मांजरे होती. त्यातील दोन एकाच वेतातील नर-मादी, तिसरी एक तरुण भाटी. ही सिंगापूरच्या रस्त्यांवरील स्थानिक मांजरे आहेत, असे मेडो यांनी सांगितले. याच तिघांपासून सिंगापुरा जातीची पैदास सुरू झाली.

टॉमी मेडो या क्षेत्रात नवख्या नव्हत्या. त्यांनी मांजरांच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून काम केले होते आणि बर्मीज मांजरांच्या पैदाशीचा त्यांना अनुभव होता. नवी जात मान्य करून घेण्यासाठी काय करावे लागते, हे त्यांना नेमके ठाऊक होते. १९८१ मध्ये आणखी एका पैदासकाराला सिंगापूरमधील प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेच्या निवाऱ्यात जवळपास तशीच दिसणारी भाटी मिळाली. फक्त तिची शेपटी जातीच्या मानकात बसत नव्हती. ती अमेरिकेत नेऊन पैदाशीत घेतली गेली. मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील ‘कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन’ने (सीएफए) १९८२ मध्ये सिंगापुराची नोंदणी स्वीकारली आणि १९८८ मध्ये तिला मुख्य स्पर्धांत उतरण्याचा दर्जा दिला.

या काळात ‘ड्रेन कॅट’, म्हणजे गटारातले मांजर, हे टोपणनाव रूढ झाले. सिंगापूरमध्ये मुसळधार पाऊस वाहून नेण्यासाठी रस्त्यांच्या कडेला खोल, उघडे नाले बांधलेले असत. स्थानिक बोलीत त्यांना ‘लोंगकांग’ म्हणतात. या नाल्यांमध्ये राहणारे, लाजरे, उपाशी म्हणूनच लहान राहिलेले मांजर आणि त्याला परदेशी पाहुण्यांनी दिलेले घर, अशी ती गोष्ट. ऐकायला छान आणि स्पर्धेच्या माहितीपत्रकात छापायला त्याहून छान.

वाद कशावरून पेटला?

१९८७ मध्ये एक अमेरिकी पैदासकार नवी सिंगापुरा मांजरे शोधायला सिंगापूरला गेला. तिघांच्या वंशजांमध्येच संकर करत राहण्यापेक्षा मूळ ठिकाणाहून नवे रक्त आणावे, हा त्याचा हेतू योग्यच होता. रस्त्यांवर त्याला हवी तशी मांजरे सापडली नाहीत. सापडली ती कागदपत्रे. टेस, टिकल आणि पूस यांची १९७४ मध्ये सिंगापूरमध्ये आयात झाल्याचे त्यावरून दिसत होते. आयात अमेरिकेतून झाली होती.

म्हणजे जी मांजरे १९७५ मध्ये सिंगापूरहून अमेरिकेला ‘प्रथमच’ गेली असे सांगितले जात होते, ती त्याआधीच्या वर्षी अमेरिकेहून सिंगापूरला आली होती. सिंगापूरमधील एका मांजरप्रेमी महिलेने ही विसंगती सीएफए आणि सिंगापूरचे पर्यटन मंडळ या दोघांच्याही कानावर घातली. तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९९० मध्ये पर्यटन मंडळ या मांजराला शुभंकर बनवण्याच्या तयारीत असताना सिंगापूरच्या ‘द स्ट्रेट्स टाइम्स’ या दैनिकाने सारे प्रकरण छापले आणि मग ते दाबून ठेवणे कोणालाच शक्य राहिले नाही.

संशयाचे कारण साधे होते. सिंगापुराच्या अंगी दोन वैशिष्ट्ये एकत्र आली आहेत. बर्मीज जातीचा तपकिरी रंग आणि ॲबिसिनियन जातीतील प्रत्येक केसावर पट्टे असणारी लव. या दोन जातींचा संकर करून पुढच्या पिढ्यांत निवड करत गेले तर सिंगापुरासारखे मांजर तयार होऊ शकते. आणि या जातींची उत्तम जाण असलेली व्यक्तीच नव्या जातीची प्रवर्तक होती.

त्यावर हॅल मेडो यांनी सीएफएला स्पष्टीकरण दिले ते असे : १९७१ मध्ये ते एका संवेदनशील व्यावसायिक कामासाठी सिंगापूरला गेले होते. तेव्हा त्यांनी चार स्थानिक मांजरे अमेरिकेला पाठवली. टेस, टिकल आणि पूस ही त्या चौघांची नातवंडे. १९७४ मध्ये ती मेडो यांच्याबरोबर सिंगापूरला आली आणि पुढच्या वर्षी परत गेली. दौऱ्याचे स्वरूप गोपनीय असल्याने हे आधी सांगता आले नव्हते.

हा खुलासा टॉमी यांनी आधी सांगितलेल्या हकिकतीशी जुळत नव्हता. तरीही सीएफएने चौकशीअंती गैरप्रकार झाल्याचे मानले नाही आणि सिंगापुराचा ‘नैसर्गिक जात’ हा दर्जा कायम ठेवला. संकर सिंगापूरच्या रस्त्यावर झाला की अमेरिकेतील घरात, याने फरक पडत नाही, अशी संघटनेच्या बाजूने मांडलेली भूमिका होती. पूर्वज सिंगापूरचे असतील तर हा युक्तिवाद टिकतो. पण पूर्वज सिंगापूरचे होते का, हाच तर प्रश्न होता आणि त्याचे उत्तर शेवटी एका कुटुंबाच्या शब्दावर सोडले गेले. नोंदणी संघटनेकडे तेव्हा दुसरे साधनही नव्हते, हेही तितकेच खरे. मांजरांची जनुकीय तपासणी सर्रास होऊ लागण्याआधीचा तो काळ.

जनुकांनी काय सांगितले?

केसावरचे पट्टे आणि बर्मीज रंग या दोन्हींमागील यंत्रणा आता चांगली समजली आहे. बर्मीज रंग हा टायरोसिनेज या विकराच्या जनुकातील बदलामुळे येतो. हे विकर त्वचेतील रंगद्रव्य तयार करण्यात भाग घेते. बदललेल्या रूपात ते उष्णतेला नाजूक बनते, अपुरे काम करते आणि काळ्याचा गडद तपकिरी होतो. याच जनुकातील आणखी तीव्र बदलामुळे सयामी मांजराचे अंग फिकट आणि कान, शेपटी, पाय यांसारखे थंड भाग गडद होतात. बर्मीज रूप हे अप्रभावी असते, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही ते मिळाले तरच पिल्लू तपकिरी होते.

१९८०च्या दशकात आणखी एक धागा हाती लागला होता. सिंगापुराच्या काही वेतांत अधूनमधून पट्टेदार केसांऐवजी एकरंगी पिल्लू जन्माला येत असे. पैदासकारांनी चाचणी संकर करून शोध घेतला तेव्हा मूळ तीन मांजरांपैकी दोघांमध्ये एकरंगी लव देणारे अप्रभावी जनुक दडलेले असल्याचे निष्पन्न झाले. अमेरिकेतील पारंपरिक बर्मीज मांजरे एकरंगीच असतात. हा पुरावा म्हणून पुरेसा नाही, कारण ते जनुक रस्त्यावरच्या मांजरांतही भरपूर आढळते. पण संशयाला त्याने बळ दिले.

मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी जगभरातील ११००हून अधिक मांजरांची डीएनए-तपासणी केली. त्यात २२ जाती होत्या आणि निरनिराळ्या देशांतील भटकी मांजरेही. सिंगापुरा आणि बर्मीज यांच्यातील जनुकीय अंतर फारच थोडे असल्याचे त्यात दिसले. जनुकीय विविधता सर्वांत कमी असणाऱ्या जातींच्या यादीत हीच दोन नावे तळाला होती.

मग निकाल लागला म्हणायचा का? बऱ्याच जणांनी तसा लावला आहे. तो पूर्ण चुकीचा म्हणता येणार नाही, पण एक अडचण लक्षात घ्यायला हवी. बर्मीज जात स्वतः आग्नेय आशियातून आलेली. १९३० मध्ये जोसेफ थॉम्पसन या अमेरिकी डॉक्टरकडे बर्मातून (आजचा म्यानमार) आलेल्या ‘वाँग माऊ’ नावाच्या एकाच तपकिरी भाटीपासून ती अमेरिकेत वाढली. म्हणजे तपकिरी रंगाचे जनुक त्या भागातील साध्या मांजरांतच होते. ॲबिसिनियनसारखी पट्टेदार केसांची लवही दक्षिण आणि आग्नेय आशियात भरपूर दिसते. ही दोन्ही एकाच मांजरात रस्त्यावर जुळून येणे अशक्य कोटीतले नाही. मात्र ‘अशक्य नाही’ आणि ‘तसेच घडले’ यांत बरेच अंतर आहे. सिंगापुराचे बर्मीजशी असलेले साम्य इतके जवळचे आहे की मूळ तिघांच्या वंशवेलीत अमेरिकेतील बर्मीज कुठेतरी असावे, हाच जास्त पटणारा अर्थ वाटतो.

सिंगापूरमध्ये फेरफटका मारला तरी तेच जाणवते. तिथल्या गृहसंकुलांखाली दिसणारी मांजरे काळी, पिवळी, तिरंगी, कबरी अशी सर्व प्रकारची असतात आणि त्यांतील कित्येकांची शेपटी आखूड किंवा गाठ पडल्यासारखी वाकडी असते. वाकड्या शेपटीचे प्रमाण त्या टापूत पूर्वापार मोठे आहे. मोठ्या डोळ्यांचे, सरळ बारीक शेपटीचे, सेपिया रंगाचे मांजर नाल्याच्या काठाशी शोधत बसलात तर पुष्कळ वेळ बसावे लागेल.

मग ते सिंगापूरचे प्रतीक कसे बनले?

चौकशीचा निकाल मेडो यांच्या बाजूने लागल्यावर पर्यटन मंडळाने आपली योजना पुढे नेली. ‘कुचिंग’ म्हणजे मलय भाषेत मांजर आणि ‘चिंता’ म्हणजे प्रेम. दोन्ही जोडून १९९१ मध्ये शुभंकराचे नाव ठेवले गेले ‘कुचिंता’. मराठी कानाला हे नाव भलतेच काळजीचे वाटते, पण तिथे त्याचा अर्थ प्रेमाचे मांजर. सिंगापूर नदीच्या काठी, जुन्या कॅव्हेनाघ पुलाजवळ या मांजरांची छोटी शिल्पे बसवण्यात आली. आजही पर्यटक त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढतात. सिंह आणि मासा यांच्या जोडीतून बनलेला ‘मरलायन’ प्रसिद्धीत कुचिंताच्या कितीतरी पुढे राहिला, हा भाग वेगळा.

खरी विसंगती इतरत्र होती. सिंगापूरमधील सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाने (एचडीबी) बांधलेल्या सदनिकांत राहतात. या सदनिकांमध्ये १९८९ पासून मांजर पाळण्यास बंदी होती. मांजराला घरात रोखून धरता येत नाही, ते जिन्यांत आणि मोकळ्या जागेत घाण करते, केस गाळते आणि रात्री ओरडते, अशी कारणे मंडळ देत असे. ठरावीक लहान जातींचा एक कुत्रा पाळायला मात्र परवानगी होती. म्हणजे देशाने ज्या प्राण्याला पर्यटकांपुढे प्रेमाचे प्रतीक म्हणून उभे केले, तो प्राणी देशातील बहुसंख्य कुटुंबांना कायद्याने घरात ठेवता येत नव्हता. परदेशी स्पर्धेत चमकणाऱ्या मांजराला मान आणि जिन्याखालच्या मांजराला नोटीस, असा हा व्यवहार.

लोकांनी त्यातून आपला मार्ग काढला. अनेकांनी गुपचूप मांजरे पाळली. खिडकीत मांजर दिसू नये म्हणून पडदे ओढून घ्यायचे, शेजाऱ्यांशी गोडीने राहायचे, तक्रार होणार नाही एवढे पाहायचे. प्राणिमित्र गटांनी भटक्या मांजरांना पकडून नसबंदी करून त्याच जागी सोडण्याचे काम वर्षानुवर्षे केले. २०१२ मध्ये चोंग पांग भागात सदनिकांमध्ये मांजर पाळण्यास प्रायोगिक परवानगी देण्यात आली. त्यानंतरही सर्वांसाठी नियम बदलायला बारा वर्षे लागली. १ सप्टेंबर २०२४ पासून एचडीबीच्या प्रत्येक घरात दोन मांजरे पाळता येतात. त्यासाठी परवाना घ्यावा लागतो आणि मांजराच्या त्वचेखाली मायक्रोचिप बसवणे बंधनकारक आहे. आधीपासून मांजरे असणाऱ्यांना परवाना काढण्यासाठी ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत दोन वर्षांची मुदत देण्यात आली. त्या मुदतीत अर्ज केल्यास दोनपेक्षा जास्त असलेली मांजरेही ठेवून घेण्याची सवलत होती.

या बदलाचा फायदा सिंगापुरा जातीपेक्षा त्या वाकड्या शेपटीच्या, नाव नसलेल्या मांजरांना अधिक होणार, हे उघड आहे.

दुर्मीळ असण्याची किंमत कोण मोजते?

तीन-चार मांजरांपासून सुरू झालेल्या जातीत पुढची प्रत्येक पिढी एकमेकांची नातलग असते. जनुकीय विविधता कमी असली की एरवी दडून राहणारे सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून येण्याची शक्यता वाढते. सिंगापुरात आढळणारा ‘पायरूवेट कायनेज’ या विकराच्या कमतरतेचा आजार हे त्याचे ठळक उदाहरण. यात तांबड्या रक्तपेशी लवकर फुटतात आणि मांजराला रक्तक्षय होतो. तो सतत नसतो, मधूनच उफाळतो, त्यामुळे लक्षात येण्यास उशीर होतो. मांजर मलूल दिसते, हिरड्या पांढुरक्या पडतात, खाणे कमी होते. आई-वडील दोघेही या जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सोपी डीएनए चाचणी उपलब्ध आहे आणि दोन वाहकांचा संकर टाळला तर एकही आजारी पिल्लू जन्माला येत नाही. ॲबिसिनियन आणि सोमाली या जातींतही हाच आजार आढळतो.

काही सिंगापुरा मांजरींना प्रसूतीच्या वेळी पुरेशा कळा येत नाहीत. गर्भाशयाचे स्नायू जोर लावत नाहीत आणि शस्त्रक्रिया करून पिल्ले काढावी लागतात. पिल्लांची संख्याही कमी असते. त्यामुळे ही जात वाढण्याचा वेग मुळातच मंद आहे आणि किंमत चढी.

यावर उपाय म्हणजे बाहेरचे रक्त आणणे. इथे जुना वाद पुन्हा आडवा येतो. ‘नैसर्गिक जात’ या बिरुदाचा अर्थ असा की दुसऱ्या जातीशी संकर करायचा नाही, फार तर मूळ प्रदेशातील तशीच मांजरे आणायची. मूळ प्रदेशात तशी मांजरे फारशी नाहीत. आणि जी जात जनुकीयदृष्ट्या सर्वांत जवळची, तिच्यात स्वतःतच विविधतेचा दुष्काळ. १९९० मध्ये कागदावरचा दर्जा वाचवला गेला, त्याचा भार आता मांजरींच्या पोटावर पडतो आहे. मूळ कथा खोटी ठरली असती आणि ही ‘संकरित जात’ म्हणून नोंदली गेली असती, तर पैदासकारांची थोडी नामुष्की झाली असती, पण इतर जातींशी संकर करण्याची वाट तेव्हाच मोकळी होऊ शकली असती.

भारताशी काही संबंध आहे का?

थोडा आहे, तोही वळसा घालून. ॲबिसिनिया हे इथिओपियाचे जुने नाव असले तरी ॲबिसिनियन मांजराचे मूळ तिथे असल्याचा पुरावा कच्चा आहे. नेदरलँड्समधील लायडनच्या संग्रहालयात १८३०च्या दशकात घेतलेला पट्टेदार केसांच्या मांजराचा पेंढा भरलेला नमुना आहे. त्याच्या चिठ्ठीवर मूळ देश म्हणून भारताचे नाव लिहिले आहे. जनुकीय अभ्यासांचा रोखही बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यांकडेच जातो. सिंगापुराच्या अंगावरची लव देणारे जनुक आपल्याकडील भटक्या मांजरांमध्येही आढळते. बाजारात, मासळीच्या टोपल्यांपाशी घुटमळणाऱ्या मांजरांत एखादे पट्टे नसलेले, सशाच्या रंगाचे मांजर दिसले तर ते या जनुकाचेच काम.

ही माहिती ग्राहकाच्याही उपयोगाची आहे. आपल्याकडे समाजमाध्यमांवर ‘दुर्मीळ विदेशी जात’ म्हणून पिल्ले विकण्याचा धंदा तेजीत आहे. तपकिरी, पट्टेदार केसांचे साधे गावठी पिल्लू लहानपणी सिंगापुरासारखे दिसू शकते. मोठे डोळे आणि मोठे कान तर कोणत्याही दोन महिन्यांच्या पिल्लाला असतात. तेव्हा आई-वडिलांची नोंदणीपत्रे, ती देणाऱ्या संघटनेकडून पडताळणी, पायरूवेट कायनेज चाचणीचा अहवाल आणि शक्य असेल तर पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहणे, यांपैकी काहीच मिळत नसेल तर ते पिल्लू सिंगापुरा नाही असे समजून चालावे. ते घरी आणायला हरकत नाही. फक्त त्यासाठी हजारो रुपये मोजू नयेत. जवळच्या प्राणी निवाऱ्यात तसेच मांजर विनामूल्य मिळते आणि खांद्यावर बसायला तेही शिकते.